स्टॉकफिशचा जीएसटी नंबर

आमची पुण्यातली छोटी कंपनी. एका क्लासवाल्या ग्राहकासाठी मुलांना बुद्धिबळ शिकवणारं अँड्रॉइड अ‍ॅप करत होतो. चाली शोधणारं बुद्धिबळाचं इंजिन कोणतं घ्यायचं, हे एका दुपारीच ठरलं. लीला नावाचं इंजिन सुंदर खेळतं, पण त्याची खरी ताकद ग्राफिक्स कार्डावर दिसते. आमची मुलं आईबाबांच्या साध्या फोनवर खेळणार. स्टॉकफिश हे दुसरं इंजिन तिथेही जबरदस्त चालतं, नेट लागत नाही आणि पातळी 0 ते 20 अशी कमी-जास्त करता येते.

अडलं ते ग्राहकाच्या खरेदी विभागात. बाहेरचं काहीही वापरायचं तर त्यांच्या पोर्टलवर विक्रेत्याची नोंदणी हवी. पॅन, जीएसटी, रद्द केलेला चेक. रकाना रिकामा सोडला की फॉर्म पुढे सरकत नाही. स्टॉकफिशला विक्रेताच नाही, जगभरातले लोक मिळून ते लिहितात, हे मी तीन मेलमध्ये सांगितलं. तिन्हींना एकच उत्तर: "कृपया जीएसटी क्रमांक भरावा." पाच आठवडे गेले. मुलांच्या उन्हाळी सुट्टीआधी अ‍ॅप द्यायचं होतं, ते राहून गेलं. त्याचा राग अजून आहे.

शेवटी मी त्यांच्या कायदा विभागातल्या मॅडमना थेट फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "या लोकांनी जर्मनीत खटला भरला होता ना?" बरोबर होतं. 2021मध्ये स्टॉकफिशच्या लेखकांनी चेसबेस या जर्मन बुद्धिबळ सॉफ्टवेअर कंपनीवर खटला भरला, कारण तिचं फॅट फ्रिट्झ 2 हे इंजिन स्टॉकफिशवर बेतलेलं असूनही तिने जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याच्या अटी पाळल्या नाहीत, असं लेखकांचं म्हणणं होतं. 2022च्या नोव्हेंबरात तडजोड झाली. मी म्हटलं, मॅडम, म्हणूनच आपण अटी नीट पाळू. पैसे लागत नाहीत, पण ज्याला अ‍ॅप देऊ त्याला इंजिनचा सोर्स, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला कोड, आणि परवान्याचा मजकूर द्यावाच लागतो. त्यांनी अर्धा तास माझ्याबरोबर परवाना वाचला. मग म्हणाल्या, "ही खरेदीच नाही, मग खरेदीचा फॉर्म कशाला?" दोन दिवसांत मंजुरी आली. तुम्हीही आधी कायदा विभागाकडेच जा.

सोर्स देताना नुसती मूळ प्रकल्पाची लिंक देऊ नका. आम्ही दोन ठिकाणी बदल केले होते, म्हणून अ‍ॅपमध्ये आहे अगदी तीच आवृत्ती, इंजिन डाव जोखायला वापरतं त्या न्यूरल नेटवर्कच्या फाइलसकट, आमच्या सर्व्हरवर ठेवली. इंजिन वेगळा प्रोग्राम म्हणून चालवतो आणि यूसीआय या बुद्धिबळ इंजिनांच्या ठरलेल्या संदेश-पद्धतीतून त्याच्याशी बोलतो. आमचा कोड त्यात मिसळलेला नाही, हे मॅडमना लेखी हवं होतं.

हो, एक राहिलंच. अँड्रॉइड 10पासून अ‍ॅपच्या साध्या फोल्डरमधली फाइल चालवू देत नाहीत. इंजिनला 'लिबस्टॉकफिश डॉट एसओ' असं नाव देऊन नेटिव्ह लायब्ररींमध्ये, म्हणजे अ‍ॅपच्या तयार मशीन कोडच्या फाइलींबरोबर, ठेवा, तिथून ते सुरू होतं.