वातावरण कोणत्या पानावर आहे, सर?

आमच्या ग्रुपमध्ये नाटकाचं कागदी काम माझ्याकडे असतं. संहितेच्या झेरॉक्स, लेखकाचं संमतीपत्र, प्रवेशिका, ओळखपत्रांच्या प्रती आणि कुणी हरकत घेतलीच तर तिचं उत्तर. मला अभिनय जमत नाही आणि ज्यांना जमतो त्यांना फाइल लावता येत नाही, त्यामुळे या वाटणीबद्दल आजवर कुणाची तक्रार नाही. २०२४ च्या पावसाळ्यात बसवलेल्या एकांकिकेपायी ती फाइल चांगलीच जाड झाली. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजात याच भानगडी होतात, म्हणून आमचं काय झालं ते लिहिते.

विषय कोल्हापूरचाच होता. दोन पेठा, दोन तालमींचे, म्हणजे आखाड्यांचे, फुटबॉल संघ, शाहू स्टेडियमवरची फायनल आणि तिच्या आदल्या रात्री चौकातल्या कट्ट्यावर जमलेली पोरं. भाषाही तिथलीच. आमच्याकडे दोस्ताला हाक मारताना शिवी आधी येते आणि नाव मागून. पुष्कळदा नावाची गरजच पडत नाही. लेखकानं ते जसंच्या तसं उतरवलं होतं. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात एकांकिकेला ३० मिनिटं मिळतात. पहिल्या वाचनानंतर कुणीतरी म्हणालं, शिव्या काढल्या तर वीसात संपेल.

महोत्सवाला नाव देण्याआधी संहिता कॉलेजच्या समितीपुढं जाते. समितीनं वाचली आणि प्राचार्यांनी दिग्दर्शकाला आणि मला केबिनमध्ये बोलावलं. ‘चांगलं लिहिलंय, पण सध्या वातावरण बरं नाही,’ सर म्हणाले. ते काही उगाच घाबरत नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचा प्रयोग मध्येच बंद पाडला गेला होता. विभागप्रमुखांसह विद्यार्थ्यांना अटक झाली होती. आणि त्याच्या आदल्या जूनमध्ये मोबाइलच्या स्टेटसवरून आपल्याच शहरात कशी दंगल झाली, इंटरनेट कसं बंद पडलं, ते सगळ्यांना आठवत होतं. सगळं मान्य. पण वातावरणाला उत्तर कसं द्यायचं? मी विचारलं, ‘सर, वातावरण कोणत्या पानावर आहे?’ दिग्दर्शकानं टेबलाखालून माझा पाय दाबला.

सर हसले, हे माझं नशीब. मग मी हातानं आखलेला एक तक्ता पुढं केला: पान, ओळ, हरकत, कारण, आमचं म्हणणं. समितीनं पहिले चार रकाने भरून द्यावेत, पाचवा आम्ही भरू. नाटकवाल्या पोरांना माझं एवढंच सांगणं आहे, तोंडी हरकत घेऊन केबिनच्या बाहेर पडू नका. तोंडी हरकत जिना उतरेपर्यंत दुप्पट होते, आणि लिहायला बसलं की निम्मी गळते.

तसंच झालं. तक्ता भरून आला तेव्हा त्यात धर्मही नव्हता आणि राजकारणही नव्हतं. धार्मिक भावना दुखावण्याचं कलम, म्हणजे जुनं २९५अ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतलं २९९, ‘जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं’ केलेल्या गोष्टीला लागतं. आमच्या एकांकिकेत देवाचं नाव फक्त पेनल्टी मारताना यायचं. उरल्या त्या हरकती दोनच प्रकारच्या, शिव्या आणि जर्सी.

शिव्यांचं खातं समितीतल्या एका मॅडमकडे होतं. त्यांनी लाल पेनानं एकेक शिवी गोल केली होती आणि नियमावली काढून दाखवली: अश्लीलता आणि बोचरे टोमणे टाळावेत, निर्मळ विनोद अपेक्षित आहे. नियम खराच आहे, पण तो स्किटच्या, म्हणजे छोट्या विनोदी प्रहसनाच्या, परिच्छेदात आहे, एकांकिकेच्या नाही. मी ते सांगितलं. त्यावर मॅडमचं म्हणणं, निर्मळपणा काय फक्त स्किटवाल्यांनीच ठेवायचा? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी पर्यायी शब्दही लिहून दिले होते. आम्ही ते प्रामाणिकपणे वाचून बघितले. शाहू स्टेडियम, शेवटचं मिनिट, पेनल्टी बारवरून गेलेली, आणि पेठेतला गडी ओरडतो, ‘अरे मूर्खा, काय केलंस हे!’ नाटकाच्या तालमीच्या खोलीत हसून हसून लोकांची वाट लागली. मॅडमही हसल्या. शेवटी तोड निघाली ती रेफ्रीची शिट्टी. कट्ट्यावर एक पोरगं गळ्यात शिट्टी घालून बसलेलं असायचंच. शिवीचं पहिलं अक्षर बाहेर पडलं की ते शिट्टी फुंकायचं. संहितेत शिवीच्या जागी कंसात ‘शिट्टी’ आलं, समिती खूश, आणि प्रयोगात लोक शिवीपेक्षा शिट्टीलाच जास्त हसले.

माझं स्वतःचं मत ग्रुपपेक्षा जरा वेगळं आहे. कट्ट्यावरच्या बहुतेक शिव्या कुणाच्या तरी आयाबहिणींवर जाऊन थांबतात, आणि त्या प्रेमानं दिल्या म्हणून काही त्या बाईला मान मिळत नाही. समितीनं ही हरकत घेतली असती तर मी तिच्या बाजूनं बोलले असते. पण तक्त्यात मुलांच्या शिव्या ‘कमी कराव्यात’ आणि एकुलत्या एक मुलीच्या तोंडची ‘पूर्ण काढावी’ असं होतं. कारण: शोभत नाही. शेजारच्या रकान्यात मी लिहिलं, ‘कुणाला?’ त्याचं उत्तर आलं नाही आणि तिची शिवी राहिली, शिट्टीसकट.

जर्सीचा घोळ वेगळाच. पेठांची नावं आम्ही खोटी घेतली होती, पण कोल्हापुरात रंग कसा खोटा घ्यायचा? कुठलीही दोन रंगांची जोडी धरा, कुठल्या तरी तालमीची निघतेच, आणि मग त्यांचे समर्थक म्हणणार की हे आमच्यावर आहे. समितीची ही भीती मला सगळ्यात रास्त वाटली. सगळ्यांनी पांढरे बनियन घातले आणि विषय मिटला.

याच दिवसांत, ८ ऑगस्टच्या रात्री, केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी बांधलेलं ते थिएटर, आमच्यातल्या निम्म्यांचं पहिलं नाटक तिथलं. त्या आठवड्यात कुणाला शिव्यांवर वाद घालायचा उत्साह राहिला नाही. पुढच्या सगळ्या स्पर्धांची ठिकाणं बदलली ती त्यामुळेच.

महोत्सव पार पडला. हिवाळ्यात हीच संहिता एका खुल्या स्पर्धेत न्यायची होती, आणि तिथं रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागत होतं. पोरांना वाटतं, नाटकाचं सेन्सॉर म्हणजे इंग्रजांचा १८७६ चा कायदा. तो नाट्यप्रयोग कायदा २०१८ मध्ये रद्द झाला. आपल्याकडे प्रयोगाआधी संहिता दाखवावी लागते ती १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याखालच्या नियमांमुळे, आणि अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये उच्च न्यायालयात आव्हान दिलं तेही याच नियमांना. आम्ही अर्ज केला, संहिता जोडली, प्रमाणपत्र आलं. आमचे मराठीचे सर दरवर्षी या टप्प्यावर ‘सखाराम बाइंडर’ची गोष्ट सांगतात, त्या नाटकाचे दिग्दर्शक कमलाकर सारंग सेन्सॉरविरुद्ध कोर्टात कसे गेले आणि जिंकून कसे आले. ऐकायला मला आवडतं. पण त्या गोष्टीत विरोध बाहेरचा असतो. आमचं खरं भांडण ग्रुपच्या आतच झालं, तेही प्रमाणपत्र फाइलला लागल्यावर.

एकांकिकेत एक जोगता, म्हणजे रेणुका-यल्लम्मा देवीला वाहिलेला पुरुष, होता. संहितेत त्याला एकही वाक्य नाही, फक्त सूचना: ‘जोगता येतो. पोरं चेष्टा करतात. तो बॉलला भंडारा लावून जातो.’ समितीतल्या एकानं तिथं समासात लिहिलं होतं, ‘लोकपरंपरेचा छान वापर.’ ती भूमिका करणारा आमचा नकलाकार म्हणजे एक नंबर. पदर दातात धरून, कंबर हलवत यायचा, टाळ्या वाजवायचा, एकाच्या मांडीवर जाऊन बसायचा. महोत्सवात सगळ्यात मोठा हशा त्यालाच मिळाला होता. तेव्हा चौंडक्याचा, म्हणजे जोगत्यांच्या काखेतल्या तंतुवाद्याचा, आवाज रेकॉर्डवरचा होता. खुल्या स्पर्धेसाठी दिग्दर्शकाला खरं चौंडकं हवं झालं. प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावरचं सामान, सांभाळणारा पोरगा म्हणाला, घरात आहे, मला वाजवताही येतं. आजवर प्रयोगभर तो विंगेमागं खोकी उचलत असायचा. आता पहिल्यांदा तो समोर बसला आणि त्याला हा प्रवेश दिसला.

पहिल्याच तालमीत प्रवेश निम्मा झाला आणि चौंडकं थांबलं. बघतो तर त्यानं ते काखेतून काढलेलं, तार सैल करून पिशवीत घालतोय.

‘काय रं, तार तुटली?’ दिग्दर्शकानं विचारलं.

‘न्हाई. मामाचं हाय ते. असल्या कामाला न्हाई दिलेलं.’

त्याचा मामा जोगता. मार्गशीर्षात यल्लम्माच्या यात्रेला सौंदत्तीला जाणारा, आणि इकडं ओढ्यावरच्या रेणुकेच्या आंबील यात्रेत डोक्यावर जग, म्हणजे देवी मांडलेली बुट्टी, घेऊन फिरणारा. आमच्यातल्या कुणालाच हे ठाऊक नव्हतं. दिग्दर्शक लगेच म्हणाला, टाळ्या काढू. ‘टाळीचं बोलंना मी,’ तो म्हणाला. नकलाकार चिडला. ‘मी काय मनानं केलं काय? संहितेतच चेष्टा लिवल्यात.’ त्यावर हा शांतपणे, ‘चेष्टा पोरांनी करायची लिवलंय. तू सोताच स्वतःची कराय लागलाईस.’

मग जे पेटलं ते रात्री वॉचमन येईपर्यंत. लेखकाचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. आज जोगता, उद्या रेफ्री म्हणतील आम्हाला विकाऊ दाखवलं, परवा तालीमवाले येतील. मग एकांकिका काय पाऊसपाण्यावर करायची? आमची नायिका म्हणाली, कट्ट्यावर जोगत्याची चेष्टा होतेच, ती काढून टाकली तर आपण कट्टा गोड करून दाखवतोय. मी तिच्याशी सहमत होते, अजून आहे. पण लेखक शेवटी म्हणाला, ‘समितीनं पास केलंय, सेन्सॉरनं पास केलंय, आणि आता प्रॉपर्टीवाला नापास करणार?’ पोरगा पिशवी उचलून घरी गेला. यानंतर कुणालाच प्रवेश पुढं करावासा वाटेना.

दोन-तीन दिवसांनी तो आला, कारण खोक्यांच्या किल्ल्या त्याच्याकडे होत्या. मी त्याच्यापुढं तोच तक्ता ठेवला. प्राचार्यांना लागू असलेला नियम त्यालाही लागू. त्यानं ‘ओळ’चा रकाना रिकामा ठेवला. ‘कारण’ खाली लिहिलं: ‘जग डोक्यावर असताना माणूस असा चालत नाही.’

‘मग कसा चालतो?’

त्यानं दाखवलं. प्रॉपर्टीतली पितळी घागर बुट्टीत ठेवली, बुट्टी डोक्यावर घेतली, एक हात तिला. मान ताठ, पावलं आखूड, कंबर हलायला जागाच नाही. मामा कुणाच्याही दारात गेला की आधी पाट मागतो, म्हणाला. उघड्या भुईवर जग टेकवत नाही. पाट मिळेपर्यंत ओझं डोक्यावरच.

पुढचं दिग्दर्शकाला सुचलं, याचं श्रेय त्याला द्यायला हवं. जोगता येतो, हातानं पाट मागतो. पोरं चेष्टा करतात, संहितेतली सगळी, शब्दही न गाळता. पाट कुणी देत नाही. तो तसाच उभा. मराठीच्या सरांनी बजावलं होतं की मंजूर संहितेत नवीन वाक्य घालायचं तर पुन्हा दाखवावं लागेल. इथं एक अक्षर वाढलं नव्हतं आणि एक कमी झालं नव्हतं. नकलाकार आठवडाभर फुगला होता, पण घागरीत पाणी भरून तालीम करायला लागल्यावर त्याचं तोंड बंद झालं. खरं वजन डोक्यावर असताना नक्कल करता येत नाही, मानच धरते.

स्पर्धेच्या हॉलमध्ये रंगमंच बुटका होता, पहिली रांग हाताच्या अंतरावर. चेष्टेच्या पहिल्या दोन वाक्यांना लोक हसले, तिसऱ्याला थोडेच हसले. मग एकदम मागून कुणीतरी ओरडलं, ‘दे की रं पाट त्येला!’ नकलाकार नंतर म्हणाला की त्याला महोत्सवातल्या हशापेक्षा हे बरं वाटलं, पण तो तसा प्रत्येक प्रयोगाबद्दल काहीतरी म्हणतोच. परीक्षकांच्या शेऱ्यात आलं: ‘जोगत्याचा प्रवेश रेंगाळतो. विनोद अधिक फुलवता आला असता.’ लेखनाला उत्तेजनार्थ मिळालं. मामा बघायला आला नाही. त्याला फुटबॉलचा कंटाळा आहे.

लेखकानं तो शेरा फोनमध्ये जपून ठेवलाय आणि वाद निघाला की पुढं करतो. परवा ज्युनियर पोरांनी तीच एकांकिका करायला मागितली. मी फाइलमधून मंजूर संहिता काढली, तिला जोगत्याच्या चालीचं, घागरीचं आणि पाटाचं टिपण जोडलं आणि झेरॉक्स करून दिली. संध्याकाळी कळलं, लेखकानं त्यांना महोत्सवातल्या प्रयोगाचा व्हिडिओ आधीच पाठवलाय, आणि पोरांनी तो बघून मांडीवर बसायची तालीमही सुरू केलीय. त्यांच्या समितीची बैठक सोमवारी आहे. तक्त्याचे कोरे कागद मी त्यांच्या प्रॉपर्टीवाल्याकडे देऊन ठेवलेत.