तुमच्या घरी बंदूक आहे का?

इथे अमेरिकेत लेकाचा वर्गमित्र शनिवारी आमच्याकडे खेळायला येणार होता. त्याच्या आईचा मेसेज आला: त्याला शेंगदाणे चालत नाहीत, आणि तुमच्या घरी बंदूक आहे का? असल्यास कुलपात असते का, गोळ्या वेगळ्या ठेवता का?

मला राग आला. आपण बंदूक पाहिली ती बँकेच्या दारातल्या रखवालदाराच्या खांद्यावर. ती आमच्या घरात कशाला असेल? पण त्याची आई शनिवारी आली तेव्हा नीट बोलली. तिच्या नात्यातला एक मुलगा गोळीबारात गेलाय. तेव्हापासून मूल कुणाकडेही जायचं असलं की ती हे विचारते, आणि शाळेतल्या इतर आयांनाही विचारायला लावते. मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागून इथे दरवर्षी जीव जातात, तेही बहुतेक घरातच.

जूनमध्ये ती नारिंगी टीशर्ट घालते. त्यामागे आमच्या शिकागोचीच मुलगी आहे, हादिया पेंडलटन. जानेवारी 2013 मध्ये ओबामांच्या दुसऱ्या शपथविधीच्या सोहळ्यासाठी शाळेच्या पथकातून वॉशिंग्टनला जाऊन आली आणि आठवडाभरात इथल्या एका बागेत मैत्रिणींसोबत उभी असताना गोळी लागून गेली. वय 15. गोळी झाडणाऱ्याने त्या मुलांना दुसऱ्या टोळीची समजलं होतं. जंगलात दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी लागू नये म्हणून शिकारी नारिंगी घालतात; तोच रंग तिच्या मित्रमैत्रिणींनी उचलला. 2015 पासून जूनच्या सुरुवातीला, तिच्या 2 जूनच्या वाढदिवसाच्या सुमारास, देशभर लोक तो घालू लागले. शाळकरी पोरांनी हे उभं केलं, याचं मला अजून नवल वाटतं.

‘कसल्या देशात राहता, परत या,’ असं घरून ऐकावं लागतं. काळजी कळते. पण पुण्यात डॉ. दाभोलकरांना ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या तेही 2013 सालच. तिथेही माणसं घरी बसली नाहीत. दर महिन्याच्या 20 तारखेला त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते त्या पुलावर जमत राहिले, त्यांची मुलं हमीद आणि मुक्ता बोलत राहिले, जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. दुःख घेऊन रस्त्यावर उभं राहणं आपल्याला नवं नाही.

मराठी शाळेच्या पालकांमध्ये मी हा विषय काढला तेव्हा ‘आपल्या लोकांत कशाला हे?’ असा सूर निघाला. का नको? सोन्याच्या चोऱ्यांच्या भीतीने आपल्यातल्याही काहींनी बंदुका घेतल्यात. म्हणून मी विचारतेच. एका घरून उत्तर आलं, ‘आहे, पलंगाशेजारच्या खणात.’ त्या दिवशी मुलं आमच्याकडेच खेळली. पुढच्या आठवड्यात त्या वहिनींनी आपणहून फोन केला: कुलपाची पेटी आणली, किल्ली यांच्याकडे असते, आता पाठव त्याला.