घरच्या घरी बर्न्स सपर

एडिंबरा, २५ जानेवारी

आज कवी रॉबर्ट बर्न्स यांची जयंती. या रात्री स्कॉटलंडभर त्यांच्या नावाने जे भोजन होते, ते यंदा सासूबाई मुक्कामाला असल्यामुळे आम्ही घरीच करायचे ठरवले. बॅगपाइप वाजवणारे ओळखीचे कोणी नाही, शिवाय सासूबाई आणि मी शाकाहारी. तरीही मला त्याची फारशी चिंता वाटली नाही. १८०१ साली अ‍ॅलोवे गावातील बर्न्स यांच्या जन्मघरी त्यांचे नऊ चाहते त्यांच्या स्मरणार्थ पहिल्यांदा जेवायला बसले, तेव्हा त्या घरात दारूचा गुत्ता चालत होता आणि पानात हॅगिस व मेंढीचे मुंडके होते. ज्या सोहळ्याचा आरंभच असा साधा, त्यात थोडी तडजोड खपून जाते.

मूळ हॅगिसमध्ये मेंढीची कलेजी, हृदय आणि फुप्फुसे बारीक करून, त्यांत ओट्सचा भरडा, चरबी, कांदा व मसाला मिसळून ते सारे मेंढीच्याच जठराच्या पिशवीत शिजवतात. वजडीसारखेच हेही काही वाया न घालवणाऱ्या गरिबाघरचे अन्न. शाकाहारी हॅगिस येथे १९८४ पासून विकले जाते. एडिंबरातील मॅक्स्वीन यांनी ते स्कॉटिश पोएट्री लायब्ररीच्या उद्घाटनासाठी तयार केले होते. त्याच धर्तीवर मी राजमा, मसूर, गाजर आणि मशरूम घेतले. "अगं, भरडा आधी तुपावर खमंग भाजून घे, नाहीतर नुसता गिच्च गोळा होईल," असे सांगून सासूबाईंनी कढईचा ताबा घेतला. मिरी आणि जायफळ सढळ हाताने घातले, मिश्रण मलमलीच्या ओल्या फडक्यात घट्ट बांधले आणि शिट्टी काढून ठेवलेल्या कुकरमध्ये तासभर वाफवले. पिवळ्या गराचा मोठा सलगम सोलताना मात्र नवऱ्याचा घाम निघाला. तो आणि बटाटे वेगवेगळे उकडून, लोणी घालून घोटले.

जेवणापूर्वी म्हणायची सेलकर्कची प्रार्थना चार ओळींची आहे: कोणाकडे अन्न असून खाता येत नाही, कोणाला खाता येते पण अन्न नाही, आमच्याकडे दोन्ही आहे म्हणून देवाचे आभार. ती बर्न्स यांच्या नावावर खपत असली, तरी त्यांच्या आधीपासून प्रचारात होती. सासूबाईंनी ती लक्षपूर्वक ऐकली आणि मग आपलाही श्लोक म्हटला.

मोबाइलवर पाइपचे सूर लावून नवरा ताट घेऊन आला आणि मुलीने हॅगिसला उद्देशून लिहिलेली कविता म्हणायला सुरुवात केली. येथील शाळांत जानेवारीत मुलांकडून बर्न्सच्या कविता पाठ करून घेतात, त्यामुळे तिचे स्कॉट्स उच्चार आमच्यापेक्षा कितीतरी अस्सल आहेत. तिसऱ्या कडव्यात सुरीचा उल्लेख येतो, तिथेच हॅगिस कापायचे असते. तिने नेमक्या शब्दावर सुरी चालवली आणि जायफळाच्या वासाची वाफ भसकन वर आली. माझ्या मते पदार्थ बदलले तरी चालतात, हा क्रम मात्र चुकवू नये.

बर्न्स यांच्या स्मरणाचे भाषण माझ्याकडे होते. त्यात निव्वळ गोडवे गाणे मला पटत नाही. १७८६ मध्ये हे कवी जमैकातील गुलामांच्या मळ्यावर हिशेबनीस म्हणून जायला निघाले होते आणि किल्मार्नॉक येथे छापलेल्या पहिल्या संग्रहाला यश मिळाले म्हणून थांबले, हेही मी सांगितले. मुलीने त्यावर बरेच प्रश्न विचारले. त्यानंतर नवऱ्याने रिवाजाप्रमाणे घरातील स्त्रियांचे खुसखुशीत कौतुक केले. त्याला उत्तर द्यायला सासूबाई उभ्या राहिल्या आणि चिरंजीवांच्या लहानपणीच्या आळसाचे असे दाखले दिले की मला वेगळे बोलायची गरजच उरली नाही.

शेवटी क्रॅनाखन, म्हणजे भाजलेले ओट्स, फेटलेली साय, मध आणि रास्पबेरी. व्हिस्की फक्त नवऱ्याच्या वाटीत घातली. हॅगिस बरेच उरले आहे. येथील भारतीय उपाहारगृहांत हॅगिसची भजी मिळतात, तशी उद्या दुपारी करावीत असे सासूबाईंचे म्हणणे आहे. बेसन मात्र आणावे लागेल.