बारीक झालेल्या माणसाने तक्रार करू नये म्हणे

वजन उतरलं, मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या, जिना चढताना धाप लागत नाही. मग आता तुझं दुखतंय कुठे? हे इतक्या जणांनी विचारलंय, की हल्ली मी ‘मजेत’ म्हणून मोकळा होतो. थापही नाही ती. पण या मजेत काय काय मोडतं, ते एकदा लिहून टाकतो.

माझी गॅस्ट्रिक बायपास झाली आहे. लोकांना वाटतं, पोट लहान केलं की झालं. जठराच्या वरच्या टोकाची जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी करतात आणि ती थेट लहान आतड्याला पुढे नेऊन जोडतात. मधला तुकडा वगळला जातो, आणि लोह, कॅल्शियम शोषण्याचं बरंचसं काम नेमका तोच तुकडा करत असतो. त्यामुळे लोह, कॅल्शियम, बी-१२, ड जीवनसत्त्व या गोळ्या आता जन्माच्या सोबती. त्यातही लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास हवेत. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं बंद, कारण जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो. दात दुखला तरी डॉक्टरांना आधी आतड्यांचा भूगोल समजावून सांगावा लागतो.

गोडाचं तर विचारूच नका. दोन घास जास्त गेले की दहा मिनिटांत छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात पीळ पडतो आणि संडास गाठावा लागतो. याला डंपिंग म्हणतात. दुसरा प्रकार जास्त लबाड. खाऊन दीड-दोन तास झालेले असतात, आपण विसरलेले असतो, आणि शरीराने जास्तीचं इन्सुलिन सोडल्यामुळे साखर धाडकन खाली येते. एकदा ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझे हात थरथरायला लागले, शब्द अडखळले. शेजारच्याने हळूच विचारलं, ‘घेऊन आलायस का?’

केस गळाले, परत आले. तो भाग सोपा होता.

डोक्याचं काय करायचं, हे मात्र कुणी शिवून दिलं नाही. ऑपरेशननंतर काही महिने भूक जवळपास नाहीशी झाली होती, तरी रात्री फ्रिजचं दार उघडून मी उभा असायचो. पोटाला नको होतं, मला हवं होतं. साहेबांची बोलणी खाल्ली, खा. एकटं वाटलं, खा. आनंद झाला, मग तर खाच. वर्षानुवर्षं हेच औषध होतं आणि ते एका सकाळी भूल देऊन काढून घेतलं. बायपासनंतर दारू भराभर चढते, आणि खाण्याची जागा दारू घेण्याचा धोका असतो, असं समुपदेशकबाईंनी सांगितलं होतं. मी ती पूर्ण बंद केली. मग राहिलं काय? चालणं. रागाच्या भरात चालण्याने राग जातो म्हणतात. माझा तरी चालून अजून ताजा होतो.

बायको एका रात्री म्हणाली, ‘तू समोर बसलेला असतोस, पण मी एकटीच जेवते.’ माझे चार घास चावून होईपर्यंत तिचं ताट रिकामं झालेलं असतं. आम्ही भांडून, वाट्टेल तेवढं खाऊन, हसत उठणारी माणसं होतो. हे वजनाच्या कुठल्याच तक्त्यात मावत नाही.

आणि लोक एकाएकी किती चांगले वागायला लागले! माझी तीच सूचना आता ऐकून घेतात. कौतुक करतात तेव्हा हसतो, पण आतून त्या जाड्याच्या बाजूने भांडावंसं वाटतं. तो काय मूर्ख होता का? वर ‘सोपा मार्ग पकडलास’ म्हणणारेही असतात. त्यांनी एक आठवडा माझं पोट वापरून बघावं.

कपडे घातले की बारीक, काढले की वेगळंच. पोटावरची सैल कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबते. ती पँटमध्ये खोचावी लागते. घडीत घाम साचून बुरशी होते, कुशीवर वळलो की ओढ बसते. व्यायामाने ती आवळत नाही, हे मला जिममधला मुलगा अजून मान्य करत नाही. पुरुषाने याबद्दल बोलायचं नसतं, असंही दिसतं.

मध्ये तीन-चार किलो वाढले तेव्हा माझी झोप उडाली. स्वीडनमध्ये १९८७ पासून अशा रुग्णांचा मोठा अभ्यास झालाय. वजन पहिल्या एक-दोन वर्षांत तळाला जातं, मग थोडं परत येतं आणि नंतर बरंचसं स्थिरावतं, असं त्यात दिसलं. शस्त्रक्रिया न केलेल्यांपेक्षा या लोकांत मृत्यूही कमी झाले. हे वाचून मी शांत झालो. तरी वजनकाटा बायकोने कपाटावर ठेवला, तो ठेवलाच.

पुन्हा वेळ आली तर ऑपरेशन करशील? करीन. पायांची सूज, रात्रीचा घोरण्याचा मास्क, सगळं लख्ख आठवतं मला.

आता कातडी काढायची चर्चा चालू आहे. बायको म्हणते, ‘परत भूल, परत टाके?’ प्लास्टिक सर्जनने माझे रिपोर्ट बघून फाईल मिटली. ‘आधी हिमोग्लोबिन वर आणा, मग बोलू,’ म्हणाले. म्हणून आता लोह शिरेतून द्यायचं ठरलंय. मंगळवारी जायचंय, आणि ऑफिसात कारण काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.