चव्वेचाळीस पायऱ्यांचा जिना

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं शाळेचं पत्र आलं आणि डोळ्यांसमोर आधी उभा राहिला तो आपला जिना. प्रार्थनेच्या चौकातून गच्चीपर्यंत पायऱ्या बरोबर चव्वेचाळीस. तेवीस वेळा चढलं की एक हजार बारा. हा गुणाकार भूगोलाच्या सरांनी नववीच्या फळ्यावर मांडला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘म्हणजे गिरनारचा एक दशांश’.

सरांचं नाव लिहीत नाही. ‘गिरनारचे सर’ म्हटलं की मांडवीपासून दांडिया बाजारापर्यंत आपल्या शाळेत शिकलेल्या कुठल्याही घरात ते कोण हे सांगावं लागत नाही. शाळेनं पुष्कळ दिलं, चांगले शिक्षक दिले, त्या सगळ्यांबद्दल इतर लिहितीलच. मला जुनागढजवळच्या गिरनार डोंगरावरच्या सरांच्या रात्रीच्या चढाईबद्दलच लिहायचं आहे, कारण ती त्यांनी कशी आखली हे कुठेतरी नोंदलेलं राहायला हवं.

आपलं बडोदं सपाट. विश्वामित्रीच्या पुलाचा चढ सोडला तर पायांना चढ असा ठाऊकच नाही. अशा गावातली चोवीस मुलं एका रात्रीत दहा हजार पायऱ्या चढवून दुपारपर्यंत धडधाकट खाली आणायची, तर तयारी दिवाळीची सुट्टी संपली की लगेच सुरू व्हायची. पहिल्या आठवड्यात जिन्याच्या पाच फेऱ्या, मग दर आठवड्याला तीन-चार वाढवत सहाव्या आठवड्यात तेवीस. चढताना कठड्याला हात लावायचा नाही, पाऊल पूर्ण पायरीवर टेकवायचं, नुसत्या चवड्यावर चढायचं नाही. चवड्यावर चढणाऱ्याच्या पोटऱ्या दोन हजाराव्या पायरीला भरून येतात.

पण सरांचा खरा भर उतरण्यावर होता. दर पायरीला मनात एक-दोन-तीन मोजत उतरायचं. चढताना दम लागतो, तो थांबलं की बसतो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन तोलून धरतो आणि त्याला ती सवय नसली की गुडघे लटपटायला लागतात. ते थांबल्यानं जात नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तर खुर्चीतून उठवत नाही. म्हणून नुसतं चढून तयारी होत नसते, उतरण्याचीही करावी लागते, हे सर पुन्हा पुन्हा बजावायचे.

पाचव्या आठवड्यातल्या रविवारी पावागड. एस.टी.नं चांपानेरला उतरून माचीपर्यंतसुद्धा पायीच, पाठीवर गिरनारला न्यायची तीच पिशवी घेऊन. नवे बूट कोणाला चावतात, कोणाचा पट्टा खांद्याला काचतो, कोण पहिल्या अर्ध्या तासात पळतो, हे सगळं तिथे उघडं पडायचं. माथ्यावर बसवून सर दगड दाखवायचे: पावागड लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला, वर रायोलाइटची टोपी, गिरनार मात्र त्या थरांमध्ये खालून घुसून आतच थिजलेल्या शिलारसाचा, वरची झीज होऊन उघडा पडलेला.

तारीख ठरवण्याची त्यांची रीत मला आजही थक्क करते. पौर्णिमा ते टाळायचे. पौर्णिमेला गर्दी, त्यातून दत्तजयंतीला तर पायरीवर पाऊल ठेवायला जागा नसते. ते निवडायचे पौष वद्य तृतीया. त्या रात्री चंद्र साधारण नवाच्या सुमारास उगवतो आणि उजाडेपर्यंत आकाशात असतो. शुद्ध पक्षातला चंद्र नेमका पहाटे, सगळ्यात थकलेल्या वेळी मावळून जातो. शिवाय पौषातला चंद्र आकाशात खूप उंचावरून जातो. भवनाथची तळेटी, म्हणजे गिरनारचा पायथा, डोंगराच्या पश्चिमेला, त्यामुळे पहिले दोन तास चंद्र डोंगराआड आणि झाडी दाट, तेव्हा विजेरी लागतेच. मध्यरात्रीनंतर पायऱ्या उजळतात. जुनागढ आपल्यापेक्षा पावणेतीन अंश पश्चिमेला, म्हणून सूर्य बडोद्यापेक्षा दहा-एक मिनिटं उशिरा उगवतो. वेळापत्रकात तेही धरलेलं असे.

अहमदाबादला गाडी बदलून मीटर गेजच्या डब्यातून जुनागढ. दुपारी धर्मशाळेत एक ते चार सक्तीची झोप, झोप नाही आली तर डोळे मिटून पडून राहायचं. मग भवनाथच्या वाटेवर अशोकाच्या शिलालेखापाशी पंधरा मिनिटं. त्याच खडकावर क्षत्रप राजा रुद्रदामनाचा लेख आहे, इसवी सन १५० च्या सुमाराचा. ऊर्जयत् पर्वतावरून येणाऱ्या सुवर्णसिकता, पलाशिनी या नद्यांना पूर येऊन सुदर्शन तलावाचा बांध कसा फुटला, ते त्यात कोरलेलं आहे. ऊर्जयत् म्हणजे गिरनारच. ‘ज्या डोंगराचं पाणी मौर्यांच्या वेळचा बांध फोडतं, त्याच्यावर पावसाळ्यात पोरं घेऊन जायचं नसतं,’ असं सर म्हणायचे. गुळगुळीत झिजलेल्या पायऱ्यांवरून पाणी वाहत असतं, हे त्याचं दुसरं कारण.

साडेसातला मुगाची खिचडी, तीही अर्धपोटी. तळेटीच्या दुकानांतले गोटे, भजी बंद; तळलेलं पोटात असताना चढलं की हजार पायऱ्यांत मळमळतं. पिशवीत प्रत्येकी एक लिटर पाणी, त्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. जास्त पाणी नाही, कारण वाटेत परब, म्हणजे पाणपोया, लागतात. मूठभर गूळ-शेंगदाणे, चार सुखडीच्या वड्या, दोन दशम्या. एक कोरडा बनियन, कानटोपी, स्वेटर. पायाची नखं दोन दिवस आधी सरळ कापलेली. आणि बांबूची काठी तळेटीवरून भाड्यानं, कोपरापर्यंत उंच. त्याहून लांब काठी चढताना खांदा दुखवते.

विजेरी दर तिघांत एक. सेलची विजेरी पिशवीत आपोआप चालू होऊन संपते, म्हणून एक सेल उलटा घालून ठेवायचा. पेटवल्यावर ती कमरेच्या खाली, जरा बाजूला धरायची. उंचावरून, डोळ्यांच्या रेषेतून उजेड पडला की पायरीच्या कडेची सावली दिसत नाही, सगळं सपाट वाटतं. खालून तिरपा उजेड पडला की प्रत्येक कड उठून दिसते. आता सगळे डोक्याला दिवा बांधतात आणि उतरताना अंदाज चुकून कोसळतात. डोक्याचा दिवा असला तरी काढून हातात घ्या, हे मी भेटेल त्याला सांगतो.

रांगेत सगळ्यात पुढे सगळ्यात हळू चालणारा. तो ठरवेल ती चाल. मागे राहिलेलं मूल दमतं, ते पायांनी नव्हे तर मनानं, आणि पुढच्यांना गाठण्यासाठी पळून पळून. सगळ्यात शेवटी सर, गळ्यात शिट्टी. जोड्या ठरलेल्या, दर थांब्याला आपला जोडीदार मोजायचा. पायऱ्यांच्या कडेला आकडे रंगवलेले असतात, त्यांवरून दर पाचशेला थांबा, चार मिनिटं, काठीवर रेलून उभ्यानं. बसलं की घाम गार होतो, पाय आखडतात. मिनिटाला अठ्ठावीस पायऱ्या, म्हणजे एक अख्खं वाक्य न तुटता बोलता येईल इतकीच चाल. सुरुवातीच्या पायऱ्या सोप्या, तिथे हा वेग फार कमी वाटतो आणि चूक तिथेच होते: पहिल्या हजारात मिळवलेली दहा मिनिटं तिसऱ्या हजारात अर्धा तास घेऊन जातात. ‘जय गिरनारी’चा घोष फक्त थांब्यावर. पोटरीत गोळा आला तर चोळायचं नाही. गुडघा सरळ, पायाची बोटं नडगीकडे ओढून धरायची, सावकाश तीस आकडे मोजेपर्यंत, मग साखर-मिठाच्या पाण्याचे चार घोट. पायऱ्या सोडून झाडीत कुणी जायचं नाही, कशासाठीही नाही. त्या जंगलात बिबटे आहेत, सिंहही आहेत.

साडेअकराला पहिली पायरी, जैन मंदिरांजवळून पुढे, सव्वातीनला अंबाजी. निम्म्या पायऱ्या इथे होतात. इथे अर्धा तास, मंदिराच्या आडोशाला. आधी ओला बनियन काढून कोरडा, मग कानटोपी, मग स्वेटर, हा क्रम. हजार मीटर उंचीला हवा सहा-साडेसहा अंशांनी गार होते, वर वारा. ओल्या बनियनवर स्वेटर घालणाऱ्याला पुढच्या गोरखनाथ शिखरावर हुडहुडी भरते.

गोरखशिखर सगळ्यात उंच, १,११७ मीटर. त्याच्या पुढे वाट खाली उतरते. समोर चंद्रप्रकाशात दत्तशिखराचा सुळका दिसत असतो आणि पाय मात्र खाली खाली जात असतात. अनेकांचा धीर इथे सुटतो. सरांनी शाळेतच फळ्यावर गिरनारचं छेदचित्र काढून ही खाच गडद रंगवली होती, त्यामुळे आम्हाला ती आधीच पाठ होती. कमंडलू कुंडाचा फाटा, जिथे सोमवारी धुनी पेटते, तो परतीसाठी ठेवायचा. पावणेसातला वर. दत्तभक्तांना तिथे पादुका, जैन बांधवांना नेमिनाथांचं निर्वाणस्थान. जागा इतकी अरुंद की सहा-सहा जणांनी जायचं, नमस्कार करून लगेच बाजूला व्हायचं. सूर्य वर येताना कोणी बोलत नसे.

आणि मग ती गोष्ट, जिच्यासाठी मी लिहायला बसलो.

उतरायच्या आधी सरांनी सगळ्यांना पायरीवर बसवलं आणि बूट पुन्हा बांधायला लावले. टाच मागे पायरीवर ठोकायची, म्हणजे पाय बुटात मागे सरकतो. बोटांकडची लेस सैल, घोट्याकडची घट्ट. शेवटच्या दोन भोकांतून लेसचा एकेक फास काढून दुसरं टोक त्यातून ओवायचं, म्हणजे गाठ उतारावर सैल पडत नाही. मग बुटाचं टोक पायरीवर दोनदा आपटायचं. नख लागलं तर परत बांधायचं. चोवीस जणांचे अठ्ठेचाळीस बूट, सरांनी प्रत्येक बूट हातात घेऊन पाहिला.

एकाचं नख लागतच होतं. रांगेत सगळ्यात पुढे चालणारा, तोच. बूट मोठ्या भावाचे, एक नंबर मोठे, आणि ते त्यानं पावागडलाही लपवलेलं. सर त्याला काहीही बोलले नाहीत. स्वतःचा रुमाल काढला, चौपदरी घडी केली, आणि बोटांकडे न कोंबता बुटाच्या जिभेखाली सरकवली. पुढे कापड कोंबलं तर बोटं त्यावर आपटतात. जिभेखाली घडी घातली तर पायाचा वरचा भाग दाबला जाऊन टाच मागे धरली जाते. मग त्यांनी स्वतः लेस बांधली, खाली वाकून, विजेरी दातांत धरून, कारण आमच्या त्या कोपऱ्यात अजून अंधार होता. ‘आता आपट,’ म्हणाले. त्यानं आपटलं. नख लागलं नाही. ‘चल, पुढे हो.’ आणि तो पुढे झाला, पुन्हा सगळ्यांच्या पुढे.

परतीला डोंगराच्या पश्चिम अंगावर ऊन उशिरा येतं, म्हणून अंबाजीच्या खालचा उतार शक्य तितका सावलीत उरकायचा. काठी आधी खालच्या पायरीवर, मग पाऊल, थोडं आडवं, नागमोडी. हातात लोंबणारी पिशवी नाही, वानरं ती हिसकावतात. बारापर्यंत सगळे तळेटीला. त्या मुलाची दहाही नखं गुलाबी होती. तो पुढे हाडांचा डॉक्टर झाला, आणि गुडघे घेऊन येणाऱ्या पेशंटना आधी जिना उतरायला शिकवतो.

२४ ऑक्टोबर २०२० पासून अंबाजीपर्यंत रोप-वे झाला. ज्यांचे पाय साथ देत नाहीत त्यांना दर्शन घडतं, हे फार चांगलं झालं. पण दिवसा दहा मिनिटांत अंबाजीला पोचलेली माणसं पाण्याशिवाय तशीच पुढच्या पाच हजार पायऱ्यांना लागतात. परतेपर्यंत शेवटची ट्रॉली गेलेली असते, किंवा वाऱ्यामुळे बंद, आणि मग अंधारात विजेरीशिवाय उतरणं नशिबी येतं. अंबाजीच्या पुढे गिरनार जुनाच आहे. शाळेची सहल मात्र बंद झाली, याचं वाईट वाटतं. आता सहलीला बस दारातून निघते आणि दारात सोडते.

सर आता नाहीत. त्यांचं छेदचित्र आमच्या तुकडीतल्या एकीनं वहीत उतरवून ठेवलं होतं, थांब्यांच्या वेळांसह. त्याची मोठी प्रत काढून या पत्राबरोबर शाळेच्या कार्यालयात देत आहे. आम्ही आठ-दहा जण अजून दर पौषात जातो, आणि नववी-दहावीची मुलं पाठवायला शाळा तयार असेल तर पुढे-मागे चालायला आम्ही येऊ. जिन्याचा सराव तेवढा दिवाळीनंतरच्या पहिल्याच सोमवारी सुरू करावा लागेल, पाच फेऱ्यांनी.