ग्रानादा विद्यापीठातील प्रवेश : तीन वर्षांची पदवी, एक पत्र आणि माझे नाव

इतिहास विषयात तीन वर्षांची बी.ए. पदवी घेतल्यानंतर 2023 मध्ये मी स्पेनमधील ग्रानादा विद्यापीठात पुरातत्त्वशास्त्राच्या मास्टरसाठी दाखल झाले. 1531 मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ सार्वजनिक आहे, त्यामुळे तेथील शुल्क आंदालुसिया या स्वायत्त प्रदेशाचे शासन ठरवते. त्या वर्षी ते क्रेडिटमागे 13.68 युरो, म्हणजे 60 क्रेडिटच्या अभ्यासक्रमाला सुमारे 821 युरो होते. माझ्यासारख्या कुटुंबातील मुलीला परदेशी शिक्षणाचा विचार करता आला तो या आकड्यामुळे.

स्पेनमधील पदवी, म्हणजे ‘ग्रादो’, बहुतेक शाखांत चार वर्षांची आणि 240 क्रेडिटची असते. आपली तीन वर्षांची पदवी तेथे चालणार नाही असे मला अनेकांनी सांगितले होते आणि त्यावर विश्वास ठेवून मी जवळजवळ एक वर्ष अर्जच केला नाही. नियम मात्र वेगळा आहे. युरोपीय उच्चशिक्षण क्षेत्राबाहेरील पदवीधराला अधिकृत मास्टरसाठी पदवीचे ‘ओमोलोगासिओन’, म्हणजे ती स्पेनमधील पदवीच्या समकक्ष असल्याची सरकारी मान्यता, करून घ्यावे लागत नाही; ती पदवी स्पेनमधील पदवीच्या पातळीची आहे का आणि ज्या देशात मिळाली तेथे ती पदव्युत्तर शिक्षणाला पात्र ठरवते का, एवढे प्रवेश देणारे विद्यापीठ पाहते. बी.ए. नंतर आपल्याकडे एम.ए. ला प्रवेश मिळतो, म्हणजे प्रश्न पात्रतेचा नव्हता, ती पात्रता लेखी दाखवण्याचा होता.

ते लेखी पत्र मिळवण्यासाठी सर्वांत जास्त वेळ गेला. ‘सदर पदवीधारक भारतात पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या प्रवेशास पात्र आहे’ या आशयाचे, विद्यापीठाच्या शिक्क्याचे प्रमाणपत्र हवे होते; परंतु आपल्याकडे ही गोष्ट इतकी गृहीत धरलेली आहे की तिच्यासाठी छापील नमुनाच नव्हता. ज्या कार्यालयात मी गेले तेथे मला बोनाफाईड, मायग्रेशन आणि ट्रान्सक्रिप्ट असे तीन वेगवेगळे अर्ज देण्यात आले आणि तिन्हींचा उपयोग नव्हता. शेवटी मी स्वतःच दोन वाक्यांचा मसुदा तयार करून नेला, तेव्हा एका अधिकारी बाईंनी तो शांतपणे वाचला आणि पुढच्या आठवड्यात पत्र हातात दिले. त्यांची मी आजही ऋणी आहे.

पुढची चूक माझीच होती. स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाने मान्यता दिलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून मी पदवी आणि गुणपत्रके आधीच भाषांतरित करून घेतली आणि त्यानंतर अपोस्टिलच्या, म्हणजे कागद खरा असल्याच्या परदेशात चालणाऱ्या सरकारी शिक्क्याच्या, मागे लागले. अपोस्टिल हा मूळ कागदाचाच भाग बनतो आणि भाषांतरात त्याचाही समावेश असावा लागतो. त्यामुळे राज्य पातळीवरील प्रमाणीकरण आणि दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल पूर्ण झाल्यावर मला भाषांतराचा खर्च दुसऱ्यांदा करावा लागला. व्हिसाच्या वेळी पोलीस दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र, आरोग्य विमा आणि दरमहा 600 युरो या हिशेबाने शिल्लक दाखवावी लागली, पण तोवर क्रम समजलेला असल्याने ते काम सरळ झाले.

ग्रानादाला पोहोचल्यावर अडचण आली ती नावाची. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावे असतात, साधारणतः आधी वडिलांचे आणि मग आईचे, आणि प्रत्येक अर्जात ‘प्रिमेर आपेयिदो’ व ‘सेगुंदो आपेयिदो’ असे दोन रकाने असतात. माझ्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग माझे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आईचे. पासपोर्टवर मात्र माझे आणि वडिलांचे नाव एकत्र आणि आडनाव वेगळे. नोंदणी करणाऱ्या गृहस्थांनी सद्भावनेने वडिलांचे नाव पहिले आडनाव म्हणून लिहिले आणि विद्यापीठाच्या नोंदीत मी वेगळीच व्यक्ती झाले. हे दुरुस्त न करता पुढे गेले असते तर ओळखपत्रापासून पदवीपर्यंत सगळीकडे तेच नाव गेले असते. मी पासपोर्ट समोर ठेवून, दुसरे आडनाव नाही, तो रकाना रिकामा ठेवावा, अशी लेखी विनंती केली आणि ती मान्य झाली.

त्यानंतर परकीय नागरिकाचे ओळखपत्र, ज्याला सगळे ‘तिए’ म्हणतात. देशात आल्यापासून एका महिन्यात त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि पोलीस कार्यालयातील ‘सिता प्रेबिया’, म्हणजे आगाऊ वेळ, सहज मिळत नाही. मी आधी नगरपालिकेत राहत्या पत्त्याची नोंद केली, 790 क्रमांकाच्या अर्जावर बँकेत शुल्क भरले आणि रोज सकाळी वेळ शोधत राहिले. ती मिळाली तेव्हा महिना संपायला चार दिवस उरले होते. त्या अर्जात वडिलांच्या आणि आईच्या नावासाठी वेगळे रकाने होते. तेथे ती दोन्ही नावे लिहिली, बोटांचे ठसे दिले आणि तेथूनच कार्तुखाच्या टेकडीवरील आमच्या विद्याशाखेत दुपारच्या तासाला गेले.

गेल्या वर्षी माझ्याच महाविद्यालयातील एका मुलीने सेव्हियासाठी अर्ज करायचे ठरवले. मी तिला त्या पत्राचा दोन वाक्यांचा मसुदा पाठवला आणि भाषांतराला अजून हात लावू नकोस असे कळवले.