आईने आज दादाच्या फिती जपून ठेवल्या

आज दादाला पुणे स्टेशनवर सोडून आले. सैन्यात नाईक (शिपायाच्या वरचा हुद्दा) म्हणून सुट्टीवर आला होता, आता डेहराडूनला आर्मी कॅडेट कॉलेजला चाललाय, जिथे जवानांना अधिकारी होण्यासाठी तयार करतात. तीन वर्षं तिथे, जेएनयूची पदवी, मग एक वर्ष आयएमए, म्हणजे इंडियन मिलिटरी अकादमी. त्यानंतर खांद्यावर तारे!

सकाळी आईने त्याच्या जुन्या वर्दीच्या बाहीवरच्या हुद्द्याच्या दोन फिती ब्लेडने हळूच उसवल्या. धागे निघाले तिथलं कापड बाकीच्यापेक्षा गडद होतं. आई त्या जागेवरून बराच वेळ अंगठा फिरवत राहिली. मग फिती देवघरातल्या डब्यात ठेवल्या.

लोकांना वाटतं, शिपायाचा अधिकारी म्हणजे नुसतं प्रमोशन. तसं नाही हो. लेखी परीक्षा, मग पाच दिवसांचं एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडीच्या चाचण्या आणि मुलाखत. पहिल्या वेळी दादा पहिल्याच दिवशी स्क्रीनिंगमधून, म्हणजे पहिल्या चाळणीतूनच, परत आला होता. ड्युटी संपल्यावर रात्री बराकीत बसून इंग्रजीचा अभ्यास करायचा. मला फोनवर उतारे वाचून दाखवायचा, मी उच्चार सांगायचे. मला त्याचा किती अभिमान वाटतो, ते आज त्याच्या तोंडावर सांगितलं.

आणि एक, आपल्या पुणेकरांसाठी. हे कॉलेज १९६० ते १९७७ इथेच, पुण्यात होतं! घोरपडीवरून जाताना बाबा नेहमी सांगतात.

गाडी हलली तेव्हा बाबा खिडकीसोबत चालत म्हणाले, "जवान जेवल्याशिवाय तू जेवायचं नाहीस, कळलं?"

दादा म्हणाला, "माहितीये बाबा. मीही रांगेत उभा राहिलोय."